संयुक्त सहीचा निर्णय

बँकेच्या नोकरीत बदलीचा आदेश निघतो एकट्या कर्मचाऱ्याच्या नावाने. त्याची अंमलबजावणी मात्र सारे घर करीत असते. सामान बांधणे, गॅसची जोडणी, शाळेचा दाखला ही कामे आता आपल्या अंगवळणी पडली आहेत. मुलांच्या मनात ह्या काळात जी उलथापालथ होते, तिची नोंद कोणत्याच यादीत नसते. चंडीगडच्या विमानतळाजवळ, मोहालीच्या हद्दीत वसलेल्या एयरोसिटीत राहणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी गेल्या दोन वर्षांत जे घडले, ते त्या कुटुंबाच्या संमतीने येथे मांडीत आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. विषय नाजूक आहे. अवधानाचा अभाव, अतिचंचलता आणि चिंता ह्यांसाठी कुमारवयीन मुलाला औषध द्यावे किंवा नाही, आणि हा निर्णय कोणी व कसा घ्यावा, हा प्रश्न आज अनेक घरांत दबक्या आवाजात चर्चिला जातो.

एयरोसिटी ही 'गमाडा' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रेटर मोहाली क्षेत्र विकास प्राधिकरणाने आखलेली वसाहत. रुंद सरळ रस्ते आणि मजलावार भाड्याने दिली जाणारी नवी घरे. सप्टेंबर २०१५ मध्ये विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाल्यानंतर ह्या भागाला वेग आला. सेक्टर १७ मधील बँक स्क्वेअरच्या परिसरात कामाला येणाऱ्या कित्येकांना येथे घर घेणे परवडते. आपल्या वाडा-चाळींच्या किंवा सोसायटीच्या सवयीच्या माणसाला ह्या वसाहतीत प्रथम जाणवते ती शांतता. मुलांना ती अधिक जाणवत असावी. शिवाय मोहाली पंजाबात येते आणि २००८ च्या राज्य कायद्याने तेथील शाळांत दहावीपर्यंत पंजाबी हा सक्तीचा विषय आहे. साताऱ्याहून नववीत आलेल्या ह्या मुलापुढे गुरुमुखी ही नवी लिपीही उभी राहिली.

साताऱ्यात तो 'वांड पण हुशार' म्हणून ओळखला जाई. वर्गशिक्षिका त्याला पहिल्या बाकावर बसवीत, आजी संध्याकाळी वही घेऊन शेजारी बसे, आणि दोन तास खो-खो खेळून आल्यावर तो कसाबसा गृहपाठ पुरा करी. बदलीबरोबर हे तिन्ही टेकू एकदम निघाले. सहामाहीत तो चार विषयांत नापास झाला. वह्या अर्धवट, डबा शाळेत विसरलेला, आणि दर सोमवारी सकाळी पोटात कळ. पोटाच्या साऱ्या तपासण्या झाल्या. काही निघाले नाही. पुढे पुढे प्रश्नपत्रिका हातात पडताच त्याचे हात थरथरू लागले. वडिलांचे मत होते की मुलगा आळशी झाला आहे. आईला वाटे, नव्या गावाला बुजला असेल. ह्या दोन निदानांवर सहा महिने गेले.

अतिचंचलतेचा हा विकार, ज्याला आता सर्वत्र एडीएचडी ह्या आद्याक्षरांनी ओळखतात, तो लहान मुलांचाच असतो अशी समजूत आहे. वस्तुतः तो बालपणी सुरू होतो, पण पुष्कळदा कुमारवयात उघडा पडतो. हुशारी, शिस्तीचे घर आणि ओळखीची शाळा ह्यांच्या आधाराने मूल निभावून नेते. अभ्यासाचा भार वाढला अथवा आधार सुटला की उणीव दिसू लागते. पूर्वी सातव्या वर्षाआधी लक्षणे दिसलीच पाहिजेत अशी निदानाची अट होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये ती बारा वर्षांपर्यंत शिथिल केली. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारणतः चौथ्या ते तिसऱ्या हिश्शातील मुलांना चिंताविकारही असतो. लक्ष न लागल्यामुळे आलेले अपयश चिंतेला खतपाणी घालते आणि चिंतेमुळे उरलेसुरले लक्षही उडते. आधी कोणते आले हे सांगणे तज्ज्ञांनाही सोपे जात नाही.

मनाच्या विकारांविषयी चंडीगडची परंपरा मोठी आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सेक्टर १२ मधील पीजीआय ही संस्था १९६२ ची. पुढच्याच वर्षी डॉ. नरेंद्रनाथ विग ह्यांनी तेथे मानसोपचार विभाग उभा केला. सत्तरीच्या दशकात ह्याच विभागाने जवळच्या रायपूर रानी ह्या ग्रामीण भागात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर मनोविकारांवर उपचार करता येतात का, ह्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने प्रयोग केला. डॉ. सविता मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंडीगडच्या शाळांतील चार ते अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत सुमारे सहा टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. पुढे 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये पंजाबसह बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटासाठी हे प्रमाण ७.३ टक्के आले. पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार मुले, असा ह्याचा साधा हिशेब.

निदानाची चिकाटी

ट्रायसिटीतील ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे हे कुटुंब गेले, त्यांनी पहिल्या भेटीत एकही गोळी लिहिली नाही. ह्या विकारासाठी रक्ताची तपासणी नाही आणि मेंदूचा फोटो काढून तो दिसत नाही. डॉक्टरांनी साताऱ्याच्या शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मागवली, दोन शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतल्या, झोपेची चौकशी केली, थायरॉइड, दृष्टी व श्रवण तपासून घेतले आणि मुलाशी एकट्याशी बोलले. दुसरीच्या प्रगतिपुस्तकात 'जागेवर बसत नाही, पण उत्तरे येतात' असा शेरा होता. आजीला फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्याचे वडीलही अस्सेच होते. मॅट्रिकला तीनदा हॉलतिकीट हरवले होते!" आजीच्या ह्या तक्रारीत विज्ञान आहे. ह्या विकारात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसते. वडिलांनी त्या दिवसानंतर 'आळशी' हा शब्द वापरला नाही, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

निदान झाले, आणि औषधाचा प्रश्न समोर आला. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुचवले. ते नवे औषध नव्हे. चार्ल्स ब्रॅडली ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ मध्ये ह्याच प्रकारच्या उत्तेजक औषधाचा मुलांवर होणारा परिणाम प्रथम नोंदवला. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये तयार झाले आणि पन्नाशीच्या दशकापासून वापरात आहे. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे हे चमत्कारिक वाटते. पण मेंदूच्या ज्या भागाकडे लक्ष आवरण्याचे काम असते, तेथील डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन ही रसायने ह्या औषधाने अधिक उपलब्ध होतात आणि लगाम घट्ट होतो.

पंजाबात राहणाऱ्या पालकांच्या कानांवर 'नशा' हा शब्द रोज पडतो. 'उत्तेजक' म्हटल्याबरोबर ह्या आईच्या पोटात गोळा आला. त्यात हे औषध आपल्या देशात अनुसूची एक्समध्ये मोडते. दुकानदाराकडे त्याचा वेगळा परवाना लागतो, औषध कुलपात ठेवावे लागते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतली एक प्रत दुकानात दोन वर्षे जपून ठेवावी लागते. चार दुकाने फिरून नकार ऐकले आणि पाचव्या ठिकाणी दुकानदाराने संशयाने पाहिले, म्हणजे आपण काही गैर करीत आहोत असे कोणालाही वाटेल. कायद्याचा हा बंदोबस्त गैरवापर रोखण्यासाठी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत घेतलेल्या औषधाने पुढे व्यसन लागण्याची शक्यता वाढते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. मात्र ह्या गोळ्या घरात मोजून, कुलपात ठेवाव्यात. परीक्षेच्या दिवसांत 'एक दे ना' म्हणणारे मित्र सगळ्याच शाळांत असतात. परदेशातील नातेवाइकांकडून अशी औषधे मागवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. अमली पदार्थांचा कायदा कडक आहे.

दुष्परिणामांविषयी डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. भूक मंदावते, झोप लांबते, औषधाचा अंमल उतरताना संध्याकाळी चिडचिड होते. म्हणून आरंभी वजन, उंची, नाडी व रक्तदाब ह्यांची नोंद घ्यावी लागते आणि घराण्यात कमी वयात हृदयविकार कोणाला झाला काय, हेही विचारले जाते. ५७९ मुलांचा समावेश असलेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाच्या पाठपुराव्यात, सतत औषध घेणाऱ्या मुलांची उंची पहिल्या तीन वर्षांत सुमारे दोन सेंटिमीटरने मागे पडल्याचे दिसले. त्याच अभ्यासात चौदा महिन्यांच्या अखेरीस काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा चांगला परिणाम दिसला होता. पण ज्या मुलांना जोडीला चिंता होती, त्यांना वर्तनोपचारही जवळजवळ तितकाच उपयोगी पडला. ही दोन्ही वाक्ये पालकांनी एकत्र वाचावीत. एकच वाक्य वाचून वाद घालणारे नातेवाईक आपल्याला भरपूर भेटतात.

कंपासपेटीतील अकरा गोळ्या

गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात गणिताच्या शिक्षकांचा फोन आला, मुलगा बदलला म्हणून. घरात आनंद झाला. दोन महिन्यांनी आईला त्याच्या कंपासपेटीत अकरा गोळ्या सापडल्या.

अशा प्रसंगी घराघरांत जे होते ते येथेही झाले. वडिलांचा आवाज चढला, आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि मुलगा खोलीत जाऊन बसला. तीन दिवसांनी डॉक्टरांपुढे तो बोलला. "गोळी घेतली की मला डबा खाववत नाही. मधल्या सुट्टीत मी नुसता बसून राहतो. मित्र विचारतात, तुला झालंय काय? गणित येतं, पण मी मी राहत नाही." हे सारे त्याने आधी का सांगितले नाही, असे आईने विचारले. तो म्हणाला, "तुम्ही रोज मार्कांचं विचारलंत. हे कोणी विचारलंच नाही."

ह्या एका वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते. औषधाचा उपयोग होतो आहे की नाही, हे पालक गुणांवरून मोजीत होते. मुलगा मित्रांवरून, भुकेवरून आणि स्वतःच्या ओळखीवरून मोजीत होता. दोघांचे मोजमाप खरे होते, पण खातेवही एकाच बाजूने लिहिली जात होती. लहान मुलाला गोळी देता येते. पंधरा वर्षांच्या मुलाला ती घ्यावी लागते. कायद्याने अठरा वर्षांखालील मुलासाठी संमती पालकाची. तरीही ज्याच्या शरीरात औषध जाते त्याचा होकार नसेल, तर ती संमती कागदावरच राहते आणि गोळी कंपासपेटीत.

डॉक्टरांनी मात्रा कमी केली, गोळीचा प्रकार बदलला आणि सकाळी भरपेट खाल्ल्यावरच ती घेण्याचे ठरवून दिले. वडील बँकेतले, त्यांनी एक जुनी लांब वही काढून तिला दोन रकाने आखले. एका रकान्यात आई-वडील लिहितील, दुसऱ्यात मुलगा, आणि एकमेकांचा रकाना महिन्याच्या भेटीपर्यंत वाचायचा नाही. ती वही मी पाहिली आहे. एका गुरुवारी आईने लिहिले होते, 'रात्री चिडला, जेवला नाही.' मुलाच्या रकान्यात त्याच दिवशी होते, 'आज पहिल्यांदा पंजाबीचा धडा पूर्ण वाचला. कोणाला सांगितले नाही.' दोन ओळींत एवढे अंतर असलेले घर मला तरी नवलाचे वाटले नाही.

दुसरे औषध

लक्ष सुधारले तरी चिंता पूर्णतः गेली नाही. दहावीच्या वर्षात सोमवारची पोटदुखी परत आली. समुपदेशन चालूच होते. विचार आणि कृती ह्यांची सांगड घालणारी, हळूहळू भीतीला सामोरे जायला शिकवणारी ती पद्धत उपयोगी ठरत होती, पण वेग अपुरा होता. डॉक्टरांनी सर्ट्रालिन ह्या औषधाचा विचार मांडला. येथे पालक पुन्हा बिचकले, आणि ह्या वेळी त्यांच्या बिचकण्याला सबळ कारण होते. ह्या गटातील औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये ठळक चौकटीतील इशारा छापायला लावला. मुले व किशोर ह्यांच्यावरील २४ चाचण्या एकत्र पाहिल्या असता, औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे चार टक्क्यांत आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी दोन टक्क्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन दिसले होते. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. इशारा म्हणजे बंदी नव्हे. पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलतानाचे दिवस मुलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, असा त्याचा अर्थ. अस्वस्थता एकाएकी वाढली, झोप उडाली, निराशेचे बोलणे आले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे. अ‍ॅटोमॉक्सेटीन ह्या एडीएचडीवरील दुसऱ्या औषधालाही असाच इशारा आहे.

दुसऱ्या पारड्यात टाकण्याजोगा पुरावाही आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांना बारा आठवडे निरनिराळे उपचार दिले गेले. सर्ट्रालिन आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुले बरीच सुधारली. केवळ समुपदेशनाने ६०, केवळ औषधाने ५५ आणि निष्क्रिय गोळीने २४ टक्के. शेवटचा आकडाही लक्षात ठेवावा. चारांतील एक मूल औषधाच्या नुसत्या विश्वासाने, भेटीगाठींनी आणि काळाने सुधारले.

पालकांचा कल बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबण्याकडे होता. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "परीक्षा तुमच्यासाठी मार्चमध्ये आहे. माझ्यासाठी ती रोज सकाळी असते." निर्णय झाला. अगदी थोड्या मात्रेने सुरुवात, बारा आठवड्यांनी फेरविचार, मध्येच कोणीही परस्पर बंद करायचे नाही, आणि नको वाटले तर मुलाने लपवायचे नाही, तसे सांगायचे. हे चार मुद्दे वहीत लिहून खाली तिघांनी सह्या केल्या. ह्या गटातील औषधांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिले तीन आठवडे आईने त्याच्या खोलीचे दार उघडे ठेवायला लावले. त्यावरून भांडणही झाले. पाचव्या आठवड्यात एक सोमवार पोटदुखीवाचून गेला. मुलगा दहावीत साठ टक्क्यांच्या पुढे गेला. पेढे वाटण्याइतके ते गुण आहेत की नाहीत, ह्यावर साताऱ्यात दुमत होते, आजीने वाटले.

मुलाच्या होकाराला आणि नकाराला किंमत द्यायची, तर औषध थांबवण्याची मागणीही ऐकून घ्यावी लागते. जलतरणपटू मायकेल फेल्प्स ह्याला नवव्या वर्षी एडीएचडीचे निदान होऊन औषध सुरू झाले होते. काही काळाने त्याने स्वतः आईला ते नको असल्याचे सांगितले, आणि ते हळूहळू बंद करण्यात आले. ह्या उदाहरणावरून औषध सोडावे असे अनुमान काढू नये. पोहण्याची कडक दिनचर्या त्याच्या जोडीला होती आणि पुढे नैराश्य व चिंता ह्यांच्याशी आपला झगडा झाल्याचे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. लक्षात घेण्याजोगी आहे ती पद्धत: मुलाने उघडपणे मागितले, घराने ऐकले आणि औषध एका झटक्यात तोडले नाही.

आता थोडे आपल्या व्यवहाराचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. तरीही पुष्कळशा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात, आणि ह्या विकारांत खर्च होतो तो बाह्यरुग्ण भेटींवर, समुपदेशनावर व महिन्याच्या औषधांवर. पॉलिसीतील बाह्यरुग्ण कलम वाचून पाहावे आणि ह्या खर्चाची वेगळी तरतूद करावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही एकत्र असल्यास परीक्षेतील सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेची तपासणी वेळेवर करून घ्यावी. अडचणीच्या रात्री १४४१६ ह्या 'टेली-मानस' क्रमांकावर मराठीतही बोलता येते; ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

आमच्या सहकाऱ्यांच्या बदलीची वेळ पुन्हा जवळ येत आहे. ह्या खेपेला घरातील यादीत पहिली नोंद आहे ती डॉक्टरांकडून निदान, मात्रा आणि आजवरचे बदल लिहिलेला सविस्तर सारांश घेण्याची. दुसरी, नव्या गावी पोहोचण्याआधीच तेथील तज्ज्ञांची वेळ ठरवण्याची, कारण अनुसूची एक्समधील औषध पहिल्या दिवशी कोणत्याही दुकानात मिळेल असे नाही. मुलगा लवकरच अठराचा होईल. बँकेत अज्ञान खातेदार सज्ञान झाला की आपण त्याच्याकडून नव्या सूचना आणि नव्या सहीचा नमुना घेतो. डॉक्टरांच्या कागदांवरही तेव्हा त्याचीच सही लागेल. वहीतला डावा रकाना गेल्या दोन महिन्यांपासून कोरा आहे. उजवा तो लिहितो आहे, आणि मागितल्यावाचून कोणी वाचत नाही.